बिनदाराच्या गावातील एक पायरी

अहमदनगर जिल्ह्याचे नाव अलीकडे अहिल्यानगर असे झाले. त्या जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, सोनईच्या जवळ, शनिशिंगणापूर हे गाव आहे. गाव लहान, परंतु त्याची कीर्ती दोन गोष्टींमुळे दूरवर गेली आहे. एक, तेथील शनिदेवाची उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, जिच्यावर देऊळ नाही, कळस नाही, छप्परही नाही. आणि दुसरी, तेथील घरांस नसलेली दारे. जुन्या रीतीच्या घरांस चौकट असते, पण तीत दाराची फळी बसविलेली नसते. फार तर कुत्रेमांजर आत शिरू नये म्हणून एखादा पडदा सोडावयाचा, किंवा एखादी सुटी फळी आडवी टेकवून ठेवावयाची. चोरास शासन करावयास शनिदेव समर्थ असताना कुलूप लावणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे होय, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. ही श्रद्धा अगदीच निरपवाद राहिली असे नव्हे. प्रवाशांच्या चीजवस्तू चोरीस गेल्याच्या फिर्यादी २०१० नंतर झाल्या, आणि २०१५ च्या सप्टेंबरात गावात पोलीस ठाणेही आले. तथापि दारे बसविण्याची घाई गावाने केली नाही.

बिनदाराचे गाव म्हणजे बिननियमाचे गाव, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ज्या गावात परक्याच्या घराचा उंबरठा ओलांडावयास फळीचा अडथळा नव्हता, त्याच गावात चौथऱ्याची पायरी कोणी चढावी ह्याविषयी कडक निर्बंध होता. पुरुषाने स्नान करावे, ओल्या वस्त्रानिशी वर जावे आणि शिळेस तेल वाहावे. स्त्रीने खालूनच हात जोडावे. हा नियम कोणा एका व्यक्तीस उद्देशून नव्हता. तो वर्गास उद्देशून होता. वर जाणाऱ्यास कोणी नाव विचारीत नसे. तो कोणत्या वर्गातला, एवढेच पाहिले जाई.

ह्याच गावात २०११ च्या जानेवारीत युको बँकेने आपली शाखा उघडली, तेव्हा एक मोठे कोडे पडले. बँकेस कुलूप हवे, आणि गावास कुलूप नको. शेवटी काचेचे पारदर्शक दार आणि सहसा डोळ्यांस न दिसणारी विद्युत्‌चुंबकीय कडी अशी तडजोड निघाली. गावाचा मान राहिला आणि बँकेची तिजोरीही राहिली. कुलूप दिसत नाही, पण अटकाव आहे, असा हा प्रकार. आणि गेल्या साठ वर्षांत जगातील बहुतेक महत्त्वाची कुलुपे हळूहळू ह्याच जातीची होत गेली आहेत. आजच्या कचेरीत कामाचे कागद कपाटात नसतात, ते संगणकात असतात. ते कोणी वाचावे, कोणी बदलावे, कोणी नष्ट करावे, हे ठरविणारी किल्ली म्हणजे एक यादी असते. त्या यादीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. पण तो चौथऱ्याच्या इतिहासापासून वाटतो तितका दूरचा नाही.

माणसे थोडी असतात तोवर नावानिशी यादी पुरते. ती वाढली म्हणजे वर्ग पाडावे लागतात. महाराष्ट्रात ह्याचे सर्वांत रेखीव उदाहरण पंढरपूरचे. तेथील विठ्ठलमंदिरात पूर्वी बडवे आणि सेवाधारी असे दोन वर्ग होते, आणि सेवाधाऱ्यांत पुन्हा सात भेद. पुजाऱ्याने देवाची पूजा बांधावी. बेणाऱ्याने मंत्र म्हणावे. परिचारकाने स्नानाचे पाणी आणावे. हरिदासाने पदे म्हणावी. डिंगऱ्याने देवास आरसा दाखवावा. दिवट्याने मशाल धरावी. आणि डांग्याने चांदीची काठी घेऊन उभे राहावे. आरसा दाखविणाऱ्याने मंत्र म्हणू नयेत आणि मंत्र म्हणणाऱ्याने मशालीस हात लावू नये. अधिकार माणसास चिकटलेला नसून कामास चिकटलेला आहे. आज काम करणारा हा, उद्या त्याचा भाऊ, परवा पुतण्या. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर ही एक नामी व्यवस्था होती. मात्र तिच्यात एक गोम होती. ह्या वर्गांत शिरण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे जन्म. सेवा ही वतनासारखी झाली, तिच्या पाळ्या पडल्या, वाटण्या झाल्या आणि वाटण्यांवरून कज्जे झाले. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले. त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१४ च्या जानेवारीत संपला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्याच्या कामासाठी कोणत्याही जातीच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. काम तेच राहिले. ते करणाऱ्यांच्या यादीत नाव कसे यावे, एवढेच बदलले. पण खरे महत्त्व त्या 'एवढ्या'लाच आहे.

आता थोडे संगणकाकडे वळू. १९६१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो ह्यांनी अशी योजना सिद्ध केली की, एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच काळी काम करावे. यंत्र एक आणि माणसे अनेक म्हटल्यावर ज्याचे टिपण त्यानेच पाहावे ह्यासाठी काही बंदोबस्त करणे प्राप्त झाले. प्रत्येकास एक परवलीचा शब्द देण्यात आला. परवलीच्या शब्दांची यादी अर्थातच यंत्रातच ठेवलेली होती. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या एका संशोधकास आठवड्याचा ठरलेला वेळ पुरेना. त्याने ती यादीच छापून मागितली, आणि यंत्राने ती आज्ञाधारकपणे छापून दिली! दुसरा प्रसंग १९६६ चा. दोन कारभारी एकाच वेळी दोन निराळी टिपणे दुरुस्त करीत बसले होते. एक होते परवलीच्या शब्दांचे आणि दुसरे रोजच्या सूचनेचे. दोघांचे तात्पुरते कागद यंत्राने एकाच नावाने ठेवले, त्यांची अदलाबदल झाली, आणि मग जो जो यंत्रापुढे येऊन बसे त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द झळकू लागले. ज्या जागी एका वेळी एकानेच हात घालावा असे योजिले होते तेथे दोघांस मुभा दिल्याचा हा परिणाम. चोर बाहेरून आला नव्हता. घरातील दोन विश्वासू माणसांनीच दार उघडे टाकले होते.

ह्या अनुभवानंतर १९६५ मध्ये आरंभिलेल्या मल्टिक्स ह्या प्रणालीची बांधणी पुढे नेण्यात आली. तिच्यात माणसाची ओळख एकट्या त्याच्या नावाने होत नसे. नावापुढे तो ज्या प्रकल्पावर काम करीत असेल त्या प्रकल्पाचे नाव जोडले जाई. तोच गृहस्थ एका प्रकल्पाच्या वतीने आला तर एक कपाट उघडे, दुसऱ्याच्या वतीने आला तर दुसरे. प्रत्येक टिपणास त्याची स्वतःची यादी असे. पुढे बेल प्रयोगशाळेतील टॉमसन आणि रिची ह्यांनी युनिक्स ही आटोपशीर प्रणाली रचली. तिच्यात हा पसारा तीन वर्गांवर आणला गेला: टिपणाचा मालक, मालकाचा गट आणि इतरेजन. प्रत्येक वर्गास तीन मुभा देता येत: वाचण्याची, लिहिण्याची आणि चालविण्याची.

वाचण्याची मुभा लिहिण्याच्या मुभेहून वेगळी मानावी, हा विचार मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील नेवासे गावी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. गीतेचे श्लोक जेथल्या तेथे राहिले, त्यांत एक अक्षर बदलले नाही. परंतु ते समजून घेणाऱ्यांचा वर्ग एकदम वाढला. संगणकाच्या परिभाषेत हिला निव्वळ वाचनाची मुभा म्हणतील, आणि तिने काय घडते हे महाराष्ट्रास वेगळे सांगावयास नको.

१९९२ साली अमेरिकेच्या मानकसंस्थेतील फेरायोलो आणि कून ह्यांनी मुभा माणसास न देता त्याच्या कामास, म्हणजे त्याच्या भूमिकेस द्यावी, ह्या पद्धतीस शास्त्रीय रूप दिले. पंढरपूरच्या डिंगऱ्यास त्यात काही नवे वाटले नसते! आज प्रकल्पांचे व्यवस्थापन करणाऱ्या बहुतेक प्रणाली ह्याच पायावर उभ्या आहेत. एखाद्या कंत्राटदाराच्या कचेरीत पुलाचे काम चालले आहे असे समजा. अभियंत्यांचा एक गट, हिशेबनिसांचा दुसरा, मुकादमांचा तिसरा आणि ज्याचा पूल त्याच्या प्रतिनिधींचा चौथा. मुकादमाने झालेल्या कामाची नोंद करावी, पण अंदाजपत्रकास हात लावू नये. मालकाच्या प्रतिनिधीने प्रगती पाहावी, पण कंत्राटदाराचा नफा पाहू नये. नवा हिशेबनीस आला म्हणजे त्याचे नाव गटात घातले की झाले. वीस निरनिराळ्या परवानग्या एकेक करून देत बसण्याचे कारण नाही.

कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो नावे घालण्यात नव्हे, काढण्यात. हिशेबखात्यातील कारकुनाची बदली भांडारात झाली की त्याच दिवशी त्याचे नाव भांडाराच्या गटात चढते, कारण त्यावाचून त्याचे काम अडते आणि तो ओरड करतो. हिशेबाच्या गटातून ते उतरत नाही, कारण ते न उतरल्याने कोणाचेच काम अडत नाही. अशा दहा वर्षांत तीन-चार बदल्या झाल्या की तो गरीब कारकून कचेरीतील सर्वांत सामर्थ्यवान मनुष्य होऊन बसतो, आणि हे त्यालाही ठाऊक नसते. कोणी नोकरी सोडून जातो. त्याची खुर्ची रिकामी होते, पण यादीतील नाव तसेच राहते. एखादा गट 'तात्पुरता' म्हणून काढलेला असतो आणि तो काढणारा निवृत्त झाल्यावरही चालू असतो. गटाच्या पोटात गट घातला तर आतल्या गटास काय काय मिळाले हे उलगडता उलगडत नाही. आणि ज्यास कचेरीत सर्वजण अ‍ॅडमिन म्हणतात, तो तर यादीच लिहिणारा; त्याने स्वतःचे नाव कोठे लिहिले हे पाहणारा दुसरा कोणी नसेल तर बाकीचा सारा बंदोबस्त व्यर्थ. म्हणून जाणती माणसे मुभा देणारा आणि ती वापरणारा निराळा ठेवतात, प्रत्येक बदलाची नोंद तारखेनिशी ठेवतात, आणि वर्षातून एकदोनदा यादी पुढे घेऊन प्रत्येक नावाविषयी 'हे येथे का?' असे विचारतात. ह्या प्रश्नास उत्तर न मिळाले तर नाव उतरविले जाते.

१९७५ साली सॉल्ट्झर आणि श्रोडर ह्या दोघा अभ्यासकांनी ह्या विषयाची काही तत्त्वे मांडली. त्यांतील एक असे की, प्रत्येकास कामापुरतीच मुभा असावी. दुसरे अधिक मूलगामी आहे: परवानगी दिलेली नसेल तर नकार आहे असे समजावे. संशय आला की दार बंद. बँकेस, इस्पितळास, हिशेबाच्या वहीस हे तत्त्व योग्यच आहे. पण ते सर्व ठिकाणी लागू करावयाचे म्हटले तर काय होते? नकाराचे कारण सांगण्याची जबाबदारी अटकाव करणाऱ्यावर राहत नाही. आत जाऊ इच्छिणाऱ्यानेच आपला हक्क सिद्ध करावा लागतो. सार्वजनिक देवळांच्या बाबतीत महाराष्ट्राने गेली शंभर वर्षे ज्याच्याशी झगडा केला तो नेमका हाच न्याय होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रहींच्या हाती कोणाचे परवानगीपत्र नव्हते. आणि मंदिराचे दार लावून घेणाऱ्यांस कारणही द्यावे लागले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. नंतर राज्यघटना आली, आणि १९५६ साली मुंबई राज्यात सार्वजनिक हिंदू पूजास्थानांतील प्रवेशाचा कायदा झाला.

ह्या कायद्याची शब्दयोजना फार विचारपूर्वक केलेली आहे. भाविकाने कोठवर जावे हे तो सांगत नाही. गाभाऱ्यापर्यंत, की सभामंडपापर्यंत, की केवळ पायरीपर्यंत, ह्यात तो पडत नाही. कोणत्याही एका वर्गाच्या हिंदूस जेथवर आणि ज्या रीतीने जाता येते, तेथवर आणि त्याच रीतीने दुसऱ्या कोणत्याही वर्गाच्या हिंदूस जाता आले पाहिजे, एवढेच तो म्हणतो; आणि जो आड येईल त्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगतो. गट पाडण्यास कायद्याची हरकत नाही. जन्माने पाडलेल्या गटांस निरनिराळी मुभा देण्यास आहे. हा कायदा पुस्तकात साठ वर्षे होता. शिंगणापूरच्या चौथऱ्याखाली उभ्या असलेल्या स्त्रियांस त्याचा उपयोग ह्या काळात झाला नाही.

चौथऱ्याचा प्रश्न डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती ह्यांनी २००० साली उठविला होता. तो कोर्टकचेऱ्यांत रेंगाळला. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर एक स्त्री एकटीच चौथऱ्यावर चढून दर्शन घेऊन गेली. तिला कोणी अडविले नाही, कारण अडवावयाचे आहे हे पहारेकऱ्यांच्या ध्यानात येईपर्यंत ती खालीही आली होती. त्यानंतर शिळेस दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली आणि पहाऱ्यावरील काही नोकरांस निलंबित करण्यात आले. नियम कोठे लिहिलेला होता आणि कोणी लिहिला होता हे कोणी विचारले नाही. तो मोडला एवढेच पाहिले गेले. २०१६ च्या जानेवारीत देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी प्रथमच एका स्त्रीची, अनिता शेटे ह्यांची, निवड झाली. देवस्थानाचा कारभार पाहावयाचा, पण चौथरा चढावयाचा नाही, अशी ही विलक्षण स्थिती. संगणकाच्या कारभाऱ्यांत असले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. त्याच महिन्याच्या २६ तारखेस, प्रजासत्ताकदिनी, तृप्ती देसाई ह्यांच्या भूमाता ब्रिगेडच्या स्त्रिया पुण्याहून निघाल्या, आणि त्यांस पोलिसांनी वाटेत सुपे येथे थांबविले.

दरम्यान विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहितार्थ अर्ज केला होता. मुख्य न्यायमूर्ती वाघेला आणि न्यायमूर्ती सोनक ह्यांच्यापुढे तो चालला. ३० मार्च २०१६ च्या सुनावणीत न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, जेथे पुरुष जातो तेथे स्त्रीने जाऊ नये असे सांगणारा कायदा कोणता? असा कायदा नव्हता. उलट तिला अडवू नये असे सांगणारा होता. १ एप्रिलला अर्जाचा निकाल लागला आणि १९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे दायित्व शासनावर आले. रूढीने मागितलेला पुरावा स्त्रियांकडून होता. न्यायालयाने तो देवस्थानाकडून मागितला. चौथरा तोच, पायरी तीच. कारण कोणी द्यावयाचे हे तेवढे उलटे झाले.

ह्यापुढे जे झाले ते मोठे मार्मिक आहे. दुसऱ्याच दिवशी चौथऱ्याकडे निघालेल्या स्त्रियांस गावकऱ्यांनी अडविले. देवस्थानाने मग पुरुषांसही चौथरा बंद केला. कायद्यास समता हवी ना, तर कोणीच वर जाऊ नये, म्हणजे समताही झाली आणि रूढीही राहिली! कायद्याच्या शब्दांकडे पाहता ही युक्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सर्वांस सारखी मुभा म्हणजे सर्वांस सारखा नकारही होऊ शकतो. कचेरीतही असे होते. एकाने तक्रार केली की सर्वांचीच मुभा काढून घेऊन तक्रार मिटविली जाते. परंतु अशा नकाराची खरी कसोटी पहिल्या अपवादाच्या दिवशी लागते, आणि शिंगणापुरात तो दिवस आठवड्याच्या आतच उगवला. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. पाडव्यास कावडींनी गोदावरीचे पाणी आणून शिळेस स्नान घालावयाची गावची जुनी चाल. त्या सकाळी पुरुष कावडी घेऊन आले, बंदी असताना चौथऱ्यावर चढले आणि त्यांनी जलाभिषेक केला. त्यांस जबरीने कोणी खाली उतरविले नाही. सर्वांस सारखी म्हणविलेली बंदी सर्वांस सारखी नव्हती हे त्या घटकेस उघड झाले. त्याच दिवशी विश्वस्तांनी स्त्री आणि पुरुष ह्या दोहोंस चौथरा खुला केल्याचे जाहीर केले, आणि संध्याकाळपर्यंत स्त्रियांनी चौथऱ्यावर जाऊन पूजा केली.

दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने ह्या देवस्थानाच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे दर्शनाचा आणि पूजेचा पुष्कळसा व्यवहार भ्रमणध्वनीवरून होऊ लागला, आणि २०२५ साली देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतले गेल्याच्या तक्रारी विधानसभेत गाजल्या. ह्या व्यवहारात चौथऱ्याच्या पायरीवर कोणी पाऊल ठेवले नव्हते. चौकशी करावयाची होती ती देवाच्या नावाने पैसे स्वीकारण्याची मुभा कोणाकोणाच्या हाती गेली आणि ती कोणी दिली, ह्याची.